आकाराम पैलवानाची पाठ

कुंडलच्या तालमीत नवं पोर आलं की त्याला आधी माती दाखवतात, मग मारुती आणि मग आकाराम पैलवान. पैलवान बहुतेक वेळा उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसलेला असतो. वय चौसष्ट, मान अजून बैलाची, आणि दोन्ही कान असे मोडलेले की त्यात काडीसुद्धा जायची नाही. पोराला सांगतात, "आण्णांच्या पाया पड. ह्यांची पाठ कवाच लागली न्हाई."

गदा किती, फेटे किती, हे कुणी सांगत बसत नाही. कारण कुस्तीत शेवटी एकच खरं. तासभर दुसऱ्याला लोळवा, घोळसा, त्याचा घाम काढा. तुमची पाठ मातीला टेकली की तुम्ही चितपट, घरला जावा. आकाराम बावीस वर्षं लढला. जिंकला पुष्कळ, काही कुस्त्या बरोबरीत सुटल्या, पण पाठ नाही म्हणजे नाही. कुणी उचलून आपटलाच तर गडी हवेतल्या हवेत वळायचा आणि पोटावर यायचा. लहानपणी तालमीत पडला असेलही. पण ते आठवून सांगायला आता त्याचा वस्ताद हयात नव्हता.

गावात नाथाजी म्हणून त्याचाच जोडीदार आहे. ऐन उमेदीत मैदानात आकारामशी एक तास चाळीस मिनिटं लढून तो बरोबरीत सुटला होता. त्या एका बरोबरीवर हा बाबा तीस वर्षं जगला. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, दवाखान्याच्या रांगेत, जिथं जाईल तिथं, "मी कोन? आकारामसंगं बरोबरीत सुटल्याला नाथाजी!" माणसानं मान मिळवायचा तर असा मिळवावा, दुसऱ्याच्या खुंटीला टांगून.

आकारामचा मुलगा अमृत फौजेत गेला, त्याला मातीचा नाद नव्हता. पण अमृतची मुलगी अंकिता दहाव्या वर्षी आपण होऊन तालमीच्या दारात येऊन उभी राहिली. "आण्णा, मला बी." म्हाताऱ्याला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक. वरून तो म्हणाला, "पोरीला ह्यातलं काय जमतंय?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः उठवायला गेला. नऊ वर्षं त्यानं तिला शिकवलं. ढाक शिकवला, घिस्सा शिकवला, मानेवर पूल करून तासतासभर उभं राहायला शिकवलं. एकच गोष्ट शिकवली नाही, कारण ती त्यालाच येत नव्हती. पण ते कळायला अजून वेळ होता.

गेल्या दिवाळीनंतर राज्याच्या निवडीची कुस्ती झाली. मॅटवरची फायनल. अंकिता सहा-शून्यनं पुढं होती आणि चाळीस सेकंद उरले होते. आकाराम प्रेक्षकांत मिशीला पीळ देत बसलेला. समोरच्या पोरीनं हात ओढला, कशी काय ती खाली शिरली, आणि बघता बघता अंकिताची पाठ मॅटवर. शिट्टी वाजली. ती तशीच पडून राहिली.

आकारामनं तोंड फिरवलं. उठला आणि बाहेर स्टँडवर जाऊन बसला. तासाभरानं ती बॅग घेऊन आली, शेजारी बसली. तेव्हा त्यानं एकच वाक्य टाकलं, तेही तिच्याकडं न बघता. "आपल्या घरात पाठ कुनाची लागली न्हवती."

झालं. शब्द तोंडातून गेला तो गेला. घरी आल्यावर अंकितानं कुस्तीचे बूट पोत्यात बांधून माळ्यावर टाकले आणि मिरजेला लॅबच्या कोर्सला नाव घातलं. सकाळी सातच्या गाडीला जायची, संध्याकाळी सहाच्या एस्टीनं यायची. आजोबाशी बोलणं उरलं ते "जेवा" आणि "पानी तापलंय" एवढंच. आधी हीच पोर ताटावर बसल्या बसल्या त्याच्या हाताचा पंजा धरून डाव विचारायची.

आकारामची बायको बयाबाई फटकळ. ती रोज तोंड सोडायची. "आवं, पोरीनं काय खून केला का कुनाचा? पडली. पडत्यात मानसं. जावा, चुकलं म्हना." पैलवान उठून तालमीत जायचा. चुकलं हा शब्द उच्चारायची सवय लागते लहानपणापासून. ह्याला कोण लावणार? त्याला मनापासून वाटायचं की वाक्य परत घ्यावं. पण कोणत्या डावानं घ्यायचं ते काही सुचेना. रात्रंदिवस त्याला एकच घोर, ही पोर परत आपल्याशी बोलावी.

अशातच माघात उदयसिंह नावाचा माणूस गावात आला. वाईच्या बाजूला सिनेमांची शूटिंगं चालतात, त्यांना घोडे, बैलगाड्या, म्हाताऱ्या, जे लागेल ते पुरवायचा ह्याचा धंदा. त्याला एक जुना पैलवान पाहिजे होता, खरे मोडके कान असलेला. "मेकअपचे कान डायरेक्टरला चालत नाहीत," म्हणाला. सिनेमा हिंदी, नाव 'सात बंदर', मुंबईतल्या एका टोळीवाल्याच्या तीन पिढ्यांची गोष्ट, साडेतीन तासांची. आकारामला सिनेमाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण घरातल्या त्या गप्प बसण्यानं तो आतून पोखरला होता. चार दिवस बाहेर तरी पडू, म्हणून निघाला.

वाईजवळच्या त्या गावात सिनेमावाल्यांनी अख्खी एक चाळ आणि जुनी मुंबईची गल्ली उभी केली होती. पुठ्ठ्याच्या भिंती, पण हात लावल्याशिवाय कळू नये. आकारामचं काम सोपं होतं. टोळीचा म्हातारा दादा पानाच्या गादीवर बसायचा आणि हा त्याच्यामागं हाताची घडी घालून उभा. दोन दिवस तो उभा राहिला. चहा वेळेवर, जेवण चांगलं. सगळे त्याला "पैलवानजी" म्हणत. त्याला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक जवळ येऊन बसला. पस्तिशीचा पोरगा, झोप नसलेला. म्हणाला, "पैलवानजी, आजचा सीन सगळ्यात मोठा. हिरो पहिल्यांदा गल्लीत येतो आणि दादाच्या पैलवानाला उचलून टाकतो. सगळी गल्ली बघते. इथून त्याचं राज्य सुरू होतं."

"कोन पैलवान?" आकारामनं विचारलं.

"तुम्हीच की."

हिरो देखणा होता, दंडही पिळदार. पण ते जिममध्ये फुगवलेले दंड, त्यात मातीचा दम नव्हता, आणि कान तर केळीच्या पानासारखे सरळ. आकारामला हसूच आलं. तरी माणसाचं मीठ खाल्लं होतं. म्हणाला, "घ्या."

आकारामच्या कमरेला यंत्राची दोरी लावली, तिच्या मदतीनं हिरोनं त्याला उचललं, फेकलं. आकाराम पोटावर पडला. "कट! पैलवानजी, पाठीवर." परत उचललं. परत पोटावर. दिग्दर्शकानं हात जोडले, उदयसिंहानं गावच्या भाषेत समजावलं, हिरोनं घाम पुसला. आणि खरं सांगायचं तर आकाराम मुद्दाम करत नव्हता हो! मनात ठरवायचा, आता पाठीवर पडायचं. पण पाय जमिनीवरून सुटले की अंग त्याचं ऐकायचंच नाही. गपकन वळायचं. असं अकरा वेळा झालं.

"साहेब, हा गडी पडत न्हाई," उदयसिंह शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात वैताग होता आणि थोडा अभिमानसुद्धा.

मग ठरलं की पडायचं काम दुसरा करेल. मुंबईहून आलेला एक पन्नाशीचा माणूस होता, मारामाऱ्यांतून पडायचाच त्याचा पेशा. त्याला आकारामचं धोतर नेसवलं, आकारामसारख्या केसांचा टोप चढवला. आकाराम सावलीला बसून बघत होता. तो माणूस सरावासाठी धाडकन पाठीवर पडायचा, धूळ झटकून उठायचा, बिडी ओढायचा आणि परत पडायचा. पंधरा-वीस वेळा तरी पडला.

न राहवून आकारामनं त्याला विचारलं, "लाज वाटत न्हाई व्हय रं?"

त्यानं आधी आकारामकडं नीट बघितलं, चेष्टा आहे का म्हणून. मग म्हणाला, "कसली लाज, पैलवान? पडल्यावर पोरं धावत येतात, लागलं का विचारतात. चहा देतात. आमचं बरं आहे."

लागलं का विचारतात. आकारामच्या मनात तेच घोळत राहिलं. अंकिता मॅटवर पडली तेव्हा ती किती वेळ पडून होती? तिला कोण विचारायला गेलं? वर काय बघत होती ती पोर? त्याला काहीच ठाऊक नव्हतं, कारण तो तोपर्यंत दाराबाहेर गेला होता. नऊ वर्षं तिच्या प्रत्येक श्वासावर नजर ठेवणारा माणूस, नेमक्या त्या घटकेला बाहेर गेला होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो उठला. दिग्दर्शकापुढं जाऊन म्हणाला, "त्या बाबाचं धोतर सोडा. मी पडतो."

बाराव्या वेळी हिरोनं उचललं. आकारामनं डोळे मिटून घेतले, दातओठ खाल्ले आणि वळू पाहणाऱ्या अंगाला आतल्या आत शिवी घातली. पाठ लागली. मागोमाग डोकं आपटलं, असं की कानात घंटा वाजली. डोळे उघडले तर वर आभाळ, एक घार आणि क्रेनवरचा कॅमेरा. आजूबाजूला शंभर माणसं आणि एकही आपलं नाही. टाळ्या पडल्या, लोक धावत आले, "लागलं का?" म्हणाले.  आकारामचे डोळे भरून आले होते. सगळ्यांना वाटलं, डोक्याला मार बसला.

घरी येऊन त्यानं ह्यातलं चकार शब्दानं सांगितलं नाही. आणि तिथंच पंचाईत झाली. गणपतीच्या आधी सिनेमा लागला, तसा तालमीतल्या पोरांनी चौकात हा मोठा फ्लेक्स लावला. आकारामचा फेट्यातला फोटो, खांद्यावर गदा, खाली 'कुंडलचा ढाण्या वाघ आता मोठ्या पडद्यावर'. म्हातारा चौक टाळून मागच्या वाटेनं जायला लागला. फ्लेक्स काढा म्हणावं तर कारण सांगावं लागणार.

गाव सिनेमाला जायच्या दिवशी सकाळी अंकिता डबा भरत होती. आकाराम चुलीपाशी जाऊन उभा राहिला. किती महिन्यांनी तो आपण होऊन तिच्याशी बोलत होता. "अंकू, सिनेमाला येतीस?"

"क्लास हाय," ती म्हणाली. डब्याचं झाकण लावलं आणि गेली.

तीन टेम्पो भरून गाव सांगलीला गेलं, हलगीसकट. थिएटरवाल्यानं हलगी वाजवू दिली नाही, पण आत न्यायला मुभा दिली. मधल्या चार रांगा कुंडलच्या. आकाराम मधोमध, एका बाजूला बयाबाई आणि दुसऱ्या बाजूला नाथाजी. आकाराम अधूनमधून मान वळवून दाराकडं बघत होता. अंकिता काही आली नाही.

पडद्यावर तो पहिल्यांदा दिसला तेव्हा पोरांनी शिट्ट्यांनी छप्पर उचललं. नाथाजी पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर थाप मारून सांगत होता, "मी ह्याच्यासंगं बरोबरीत सुटलोय!" आणि मग ती गल्ली आली. हिरो आला. त्यानं आकारामला उचललं, हळूहळू, सगळं थिएटर भरून उरेल एवढं मोठं, आणि टाकलं. धूळ उडाली. वरून कॅमेरा, खाली आकाराम, उताणा.

बाकीचं थिएटर हिरोसाठी नाचायला लागलं. मधल्या चार रांगा मात्र बसूनच राहिल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, पंच कुटं हाय? खांदा टेकला न्हवता!" दुसरा म्हणाला, "धोतराला धरलं त्यानं! फाउल हाय!" पण त्यात जोर नव्हता. हलगीवाल्यानं हलगी खुर्चीखाली सारली.

नाथाजी एवढा वेळ पुतळा होऊन बसला होता. मध्यंतर झाल्यावर तो उभा राहिला आणि चारचौघांत, रडवेल्या आवाजात म्हणाला, "एक तास चाळीस मिन्टं झटलो मी. मला पाठ न्हाई दिलीस. आनि त्या पोराला दिलीस, ज्याचे कान सुदिक मोडल्याले न्हाईत! आता मी कुनासंगं बरोबरीत सुटलो म्हनून सांगू, आं?" आणि तो निघून गेला. अर्धा टेम्पो त्याच्यामागं गेला. बयाबाई ओरडली, "जावा जावा! सिनेमा हाय त्यो, कुस्ती न्हवं!" पण लोकांना काय, पडलेला दिसला तो पडलाच.

आकाराम मात्र शेवटपर्यंत बसला. सिनेमा चांगला होता. हिरो गल्लीचा राजा झाला, बंदराचा झाला, त्यानं भाऊ गमावले, लेक गमावला, म्हातारा झाला. आणि शेवटी त्याच गल्लीत एका पोरसवद्यानं त्याला तसाच पाडला, अगदी तसाच उताणा, वरून कॅमेरा. ज्याच्यासाठी लोकांनी तीन तास शिट्ट्या मारल्या, तो धुळीत पडला होता. आकारामनं अंधारात इकडंतिकडं बघितलं. लोक रडत होते. पलीकडच्या रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. कुणीही तोंड फिरवलं नव्हतं.

परक्या माणसाला एवढी माया, आणि आपण आपल्या नातीला दिली नाही.  टेम्पो गावात आले तेव्हा चौकातला फ्लेक्स उतरवलेला होता. नुसता बांबूंचा सांगाडा उभा होता.

सहाची एस्टी आली. अंकिता घरी आली, हातपाय धुतले आणि ओसरीवर आकाराम बसला होता तिथं येऊन उभी राहिली. हातात चुरगळलेलं एक तिकीट होतं. मिरजेच्या थिएटरचं, दुपारच्या खेळाचं.

"क्लास हुता न्हवं?" आकारामनं विचारलं.

"बुडवला." तिनं तिकीट त्याच्या हातात दिलं. "कितव्या खेपंला पडलासा?"

"बाराव्या."

"आनि आदी अकरा येळा?"

"पोटावर."

अंकिताला फस्सकन हसू फुटलं. दहा महिन्यांनी त्या घरात ते हसू ऐकू आलं. आत बयाबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. पण हसू लगेच सरलं, आणि ती खाली बसून म्हणाली, "आण्णा, तुमाला पडायलाच येत न्हाई. मान सैल सोडली तुमी. डोस्कं आपटलं न्हवं?"

"तीन दिस ठणकत हुतं. कुनाला बोललो न्हाई."

"हनुवटी छातीला लावायची आसती पडताना. मला बी तवा ठावं न्हवतं, पडल्यावर कळलं. तुमी सगळं शिकवलं, त्येवढं शिकवलं न्हाई." तिचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशी माजं बी आसंच आपटलं हुतं. सगळं गरगरत हुतं. मी तुमाला हुडकत हुते, आण्णा. तुमी न्हवतासा."

 पैलवानाला दहा महिने न सापडलेला शब्द आता बिनडावाचा बाहेर आला. "चुकलं माजं, पोरी. मी तोंड फिरवलं. लय मोठी चूक झाली. तू पडलीस त्येची लाज न्हाई. मी उठून गेलो, त्येची हाय." आणि चौसष्ट वर्षांचा गडी ओसरीवर बसून ढसाढसा रडला. अंकितानं त्याचा पंजा हातात घेतला, पूर्वी घ्यायची तसा. मग हात वर करून त्याच्या टाळूवर, मागच्या बाजूला, चाचपलं.

"लागलं व्हय हितं?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत सगळ्या पोरांच्या देखत आकाराम पैलवान लंगोट लावून मातीत उतरला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कालपासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. मागून अंकिता आली. पायात माळ्यावरचे बूट होते, ते तिनं उंबऱ्याशी काढून ठेवले.

"हं, पडा," ती म्हणाली.

आकाराम पोटावर पडला. पोरं हसली, तोही हसला.

"पाठीवर, आण्णा. आनि हनुवटी आत."

तो परत उभा राहिला आणि पाठीवर पडला. डोकं आपटलं नाही. दारात नाथाजी येऊन उभा होता, केव्हा आला कुणास ठाऊक. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्यानं चपला काढल्या आणि तिथंच बसला.

"आता मला पाडा," अंकिता म्हणाली, आणि आजोबासमोर येऊन उभी राहिली. आकारामनं तिला कमरेला धरून उचललं. ती पाठीवर पडली. ती उठायच्या आधीच तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला होता.